मदत हवी आहे: टोडस्टूल लेदर कोरल आठवडाभर मिटलेलंच आहे

निळीशाई

नमस्कार मंडळी. टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) पुण्यात आहे, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण 100 लिटर. सुरू करून सात महिने झाले. काचेला टांगायचा हँग-ऑन फिल्टर, एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), दोन क्लाउनफिश, पाच टर्बो गोगलगाई.

गेल्या रविवारी कुरिअरने टोडस्टूल लेदर या अळंबीच्या आकाराच्या मऊ कोरलचा फ्रॅग (कापून वाढवलेला तुकडा) आला, टोपी 5 सेंमीच्या आसपास. पिशवी दीड दिवस प्रवासात होती. उघडायच्या आधी 20 मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, मग नळीने दीड तास ड्रिप केलं (टँकचं पाणी थेंबथेंब घातलं) आणि फ्रॅग दगडाच्या वरच्या टोकाला ठेवला. डिप (कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवणं) केलेलं नाही. तेव्हापासून एकही पॉलिप (टोपीवरचा बारीक बोटासारखा जीव) बाहेर आलेला नाही. टोपी आक्रसली आहे, वर मेणासारखा चकचकीत थर आहे आणि कालपासून कडेला एक तपकिरी डाग दिसतोय.

आकडे: तापमान 27.5, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 (पिशवीतलं पाणी 1.021 होतं), अल्कलिनिटी 8.3 डीकेएच (कार्बोनेटचं माप), कॅल्शियम 420, नायट्रेट 5, फॉस्फेट 0.04. एलईडी 90 वॅट, निळा 80 टक्के, पांढरा 40, रोज 9 तास. पाणी घरच्या आरओचं.

थांबू, की जागा बदलू, की आता तरी डिप करू?

खारफुटी

मेणाचा थर पाहून घाबरू नका. लेदर कोरल जागा बदलली की मिटतं, वरची कातडी टाकतं आणि मग उघडतं. याला एक-दोन आठवडे लागणं अगदी नेहमीचं. पण थर निघून जायला वाहतं पाणी लागतं. पाणी साचलेल्या कोपऱ्यात तो थर टोपीवरच बसून राहतो, त्यावर शेवाळ धरतं आणि खालचं मांस कुजायला लागतं. तुमचा तपकिरी डाग त्यातलाच असू शकतो.

वेव्हमेकरचा झोत थेट कोरलवर नको. समोरच्या काचेवर मारा, म्हणजे परतून येणारं, दिशा बदलणारं पाणी टोपीवरून जाईल. दिवसातून एकदा बेस्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) हलकेच फुंकर मारा. बोटाने किंवा ब्रशने थर खरवडू नका.

रीफर_ठाणे

जागा मात्र बदला, आणि आजच. दीड दिवस अंधारात काढलेलं कोरल थेट वरच्या टोकाला, 80 टक्के निळ्याखाली ठेवलंत. त्याच्या अंगातल्या शैवालाला एवढा प्रकाश एकदम झेपत नाही. वाळूजवळ, पण दगडाच्या सावलीत जाणार नाही असं ठेवा. मीटर भाड्याने मिळत असेल तर सुरुवातीला 50 ते 80 पार (शैवालाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरे. मीटर नसेल तर सगळे चॅनल निम्म्यावर आणा, 7 तास ठेवा आणि आठवड्याला 5 टक्क्यांनी चढवा. टोडस्टूलला शेवटी 100-150 पार मिळालं तरी मजेत वाढतं, अजून वर न्यायची गरज नाही.

एकदा ठेवलं की मात्र हात लावू नका. रोज जागा बदलणारे लोक महिनाभर मिटलेलं कोरल बघत बसतात.

समुद्रफेन

वरचे दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण ड्रिपबद्दल कुणी बोललं नाही. दीड दिवसाच्या पिशवीला दीड तास ड्रिप ही गोष्ट उलटी पडते.

बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. त्याच पाण्यात अमोनियाही साठत असतो, पण कमी पीएचला तो बहुतांश अमोनियम रूपात असतो, जे फारसं विषारी नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, वर तुम्ही 8.2 पीएचचं पाणी थेंबथेंब घालता, आणि तोच अमोनियम विषारी अमोनिया होतो. म्हणजे जीव जितका वेळ त्या भांड्यात, तितका वेळ विषात. शिवाय दीड तासात भांडं खोलीच्या तापमानाला येतं ते वेगळंच.

लांबून आलेल्या मऊ कोरलसाठी मी हा क्रम सांगेन: लाइट बंद, बंद पिशवी 15-20 मिनिटं तरंगत. उघडल्यावर आधी खारटपणा मोजा. फरक 0.002 च्या आत असेल तर ड्रिप नकोच, सरळ डिपच्या भांड्यात. 1.021 आणि 1.025 एवढा फरक असेल तर पिशवीतलं निम्मं पाणी ओतून टाका आणि दर 5 मिनिटांनी पेलाभर टँकचं पाणी घाला. 20-25 मिनिटांत संपवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये एक थेंबही जाऊ देऊ नका. त्या रात्री लाइट लावू नका.

स्थानिक दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या फ्रॅगला मात्र तासभर ड्रिप चालतं. नळीला गाठ मारून सेकंदाला 2-3 थेंब, पाणी दुप्पट होईपर्यंत.

आता एक प्रश्न. "घरचा आरओ" म्हणजे नेमका कोणता? टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती येतो? आणि गोगलगाई कशा आहेत?

निळीशाई

जागा बदलली, लाइट निम्म्यावर आणला. वेव्हमेकर वळवला.

आरओ स्वयंपाकघरातला, पिण्याच्या पाण्याचा. सोसायटीत टँकरचं पाणी येतं, त्याचा टीडीएस 600 च्या वर. आरओनंतर 70. मशीनवर मिनरल आणि कॉपर असं लिहिलंय. गोगलगाई पाचच्या तीन उरल्या. त्यातली एक सारखी काचेवरून पडते, उलटी केली तर सरळ होत नाही.

समुद्रफेन

मग तुमचा संशयित तिथेच आहे. तांबं.

त्या मशीनमध्ये मेंब्रेननंतर एक कार्ट्रिज असतं, ते पाण्यात मुद्दाम थोडं तांबं सोडतं. माणसाला ते चालतं. माशांनाही बऱ्यापैकी चालतं, म्हणून क्लाउन ठणठणीत दिसतात. कोरल, गोगलगाय, कोळंबी यांना मात्र अगदी थोडं तांबंही बाधतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये (कोरल असलेल्या टँकमध्ये) घालत नाहीत ते याच कारणाने.

त्यात टॉप-अपची (उडालेलं पाणी भरून काढण्याची) भर. बाष्पीभवनाने फक्त पाणी जातं, तांबं मागे राहतं. दिवसाला लिटर-दीड लिटर टॉप-अप म्हणजे महिन्याला 30-45 लिटर पाण्यातलं सगळं तांबं टँकमध्येच. काही भाग दगडात आणि वाळूत बसतो आणि नंतर हळूहळू सुटत राहतो. हौशी कॉपर किटने "शून्य" दाखवलं तरी विश्वास ठेवू नका, ते इतकं कमी प्रमाण पकडत नाही. नक्की हवं असेल तर नमुना आयसीपी (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या) चाचणीला पाठवा. पण पडणारी गोगलगाय पुरेशी सूचना देते, उपाय आजपासून सुरू करा.

मिठागर

उपाय मी सांगतो, पाण्याचा भाग माझ्या आवडीचा.

त्या मशीनचं नळाचं पाणी टँकला बंद. टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू फिरवून काम होत नाही, कारण मेंब्रेन 600 मधले 90-95 टक्केच अडवतं. उरलेले 30-60 राहणारच, आणि कार्ट्रिज त्यापुढे आहे. मेकॅनिककडून मेंब्रेननंतर लगेच टी (नळीला फाटा काढणारा जोड) बसवून घ्या, मिनरल आणि कॉपर कार्ट्रिजच्या आधी. त्या फाट्यावर 10 इंची डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरणाऱ्या मण्यांचं) घर जोडा. रंग बदलणारं मिक्स्ड बेड रेझिन घ्या, संपलं की दिसतं. बाहेर टीडीएस 0 यायला हवा. 2-3 दिसला की रेझिन बदला, 10 होईपर्यंत वाट बघू नका. टीमध्ये, जोडात पितळ नको, सगळं प्लास्टिक. हे जमेपर्यंत दुकानातून तयार आरओ-डीआय पाणी कॅनने आणा.

त्या पाण्यात मीठ कालवून 20-20 लिटरचे वॉटर चेंज करा, एक दिवसाआड, चार वेळा. चौथ्यानंतर जुन्या पाण्याचा वाटा 41 टक्क्यांवर येतो. एकदम 60-70 लिटर बदलू नका, आधीच मिटलेल्या कोरलला अल्कलिनिटीचा धक्का बसेल. नवं पाणी रात्रभर पंपाने ढवळा, 27 अंशांवर आणा, 1.025 ला जुळवा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) साध्या पाण्याने नव्हे, 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मीठ असलेल्या) द्रावणाने लावून घ्या.

फिल्टरमध्ये तांबं धरणारं रेझिन किंवा पॉलीफिल्टरचा (रसायनं शोषणाऱ्या पॅडचा) तुकडा ठेवा. पॉलीफिल्टर निळसर झाला तर तांबं होतं हे डोळ्यांना दिसेल. सोबत कार्बन, 100 लिटरला 50 ग्रॅम, आधी काळं पाणी जाईपर्यंत धुऊन. कार्बन कायमच ठेवा. लेदर कोरल पाण्यात स्वतःची रसायनं सोडतं आणि शेजारच्यांना त्रास देतं. तीन-चार आठवड्यांनी बदलायचं.

खारफुटी

हे कळल्यावर माझं "दोन आठवडे थांबा" आता तसंच लागू नाही. त्या डागाकडे रोज बघा. फक्त थराला शेवाळ असेल तर बेस्टरने निघून जाईल. डाग मऊ असेल, पसरत असेल, बाहेर काढल्यावर कुजका वास आला तर वाट बघू नका. नव्या ब्लेडने डागाच्या बाहेर अर्धा सेंमी निरोगी मांस घेऊन कापा. हातमोजे आणि चष्मा घाला, कापताना चीक उडतो. कापणी टँकच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात.

निळीशाई

वास घेतला, समुद्राचाच आहे, कुजका नाही. डाग बेस्टरने निम्मा उडाला. म्हणजे डिप नको?

रीफर_ठाणे

आता नको. डिप म्हणजे आणखी एक ताण, आणि पाण्याचा प्रश्न डिपने सुटत नाही. पण खालचा प्लग (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो ती चकती) टॉर्च लावून नीट तपासा. एप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाचं छोटं पारदर्शक झाड, बबल अल्गी या शेवाळाचे हिरवे मणी, टोपीखाली पांढरट न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) किंवा अंड्यांची वेटोळी दिसतायत का? दिसलं तर लेदर नव्या दगडावर न्या आणि जुना प्लग फेकून द्या. अंडी डिपने मरत नाहीत.

पुढच्या फ्रॅगला आल्या-आल्याच डिप करा: एक लिटर टँकचं पाणी, बाटलीवर लिहिलंय तेवढाच डोस, 5-10 मिनिटं, मधूनमधून बेस्टरने फवारा, मग स्वच्छ टँकच्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात खळबळून आत.

निळीशाई

नवा दगड म्हणजे चिकटवायचं कसं? फेविक्विक चालेल?

समुद्रफेन

प्लगला चालतं, मांसाला नाही. लेदर चिकट स्राव सोडतं आणि एक-दोन दिवसांत गोंदापासून सुटून वेव्हमेकरमध्ये जातं. देठ खडबडीत दगडाच्या तुकड्यावर टेकवा आणि मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा तुकडा वरून सैल बांधा. रबरबँड दगडाभोवती, देठाभोवती नाही. आवळलेला रबरबँड देठ कापत जातो. 10-14 दिवसांत पकड घेतं.

आणि दुकानदार पुढे स्वस्तात दगडी कोरल, समुद्रपंखा किंवा ऑर्गन पाइप दाखवेल, तेव्हा नको म्हणा. हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत.

निळीशाई

कळलं. उद्या टी बसवायला मेकॅनिक येतोय. तोवर टॉप-अप कशाने करू? पंखा लावलाय, पाणी रोज उतरतंय.

मिठागर

दुकानातल्या आरओ-डीआय पाण्याने, टीडीएस मीटरने तपासून. गाळ्यावर "शून्य" लिहिलेलं असतं, कॅनमध्ये 15 निघतो. तेही नाही मिळालं तर एक दिवस टॉप-अप करू नका. दीड लिटर उडालं तर खारटपणा 1.025 वरून जेमतेम 1.0254 होतो, त्याने काही बिघडत नाही. पंखा रात्री बंद करा, म्हणजे उडणारं पाणीही कमी. दुसऱ्या दिवशी भरताना सकाळ-संध्याकाळ असं दोनदा भरा, वेव्हमेकरच्या समोर ओता, कोरलच्या डोक्यावर नाही.