दोन झिऑनचं जुनं वर्कस्टेशन घ्यावं की नवा आय५? २८ कोअर म्हणजे खरंच सातपट वेग का?

पॅटर्नवाला_उद्यमबाग
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे पाडायचे नमुने, आणि व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं काम आहे. डिझाइनचा पीसी बदलायचा आहे आणि साधारण सारख्याच पैशात दोन पर्याय मिळतायत.

पहिला जुना ड्युअल सॉकेट, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारा वर्कस्टेशन. त्यात इंटेलचे झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर दोन, म्हणजे १४ आणि १४ मिळून २८ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग). रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. दुसरा इंटेलच्याच आय५-१२४०० प्रोसेसरचा नवा पीसी, कोअर ६, रॅम तेवढीच, डीडीआर४-३२००.

कामं तीन प्रकारची आहेत. दिवसभर थ्रीडी मॉडेलिंग, मधेमधे टूलपाथ, म्हणजे मशीनच्या कटरचा मार्ग काढणं, आणि संध्याकाळी कास्टिंगमधला धातू कसा गोठतो याचं सॉलिडिफिकेशन सिम्युलेशन लावून जाणं. आताचा पीसी ४ कोअरचा आहे, त्याला सिम्युलेशनला अख्खी रात्र लागते. विकणारा म्हणतो ४ चे २८ झाले म्हणजे सातपट वेग. हे कितपत धरायचं?

निपाणी_कॅड
सातपट अजिबात धरू नका दादा. कामाचा जो भाग वाटून देता येतो तेवढाच जास्त कोअरनी पळतो. जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो २८ कोअर असले तरी एकाच कोअरवर बसतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं आणि हिशोब आजही तोच आहे.

समजा एका कोअरवर ६० मिनिटांचं काम आहे आणि त्यातलं ८० टक्के वाटता येतं. १२ मिनिटं तशीच राहणार, ४८ वाटली जाणार. ६ कोअरवर १२ अधिक ८, म्हणजे २० मिनिटं. २८ कोअरवर १२ अधिक १.७, म्हणजे १३.७. पण हे सगळे कोअर सारख्या वेगाचे धरून झालं. २६८० व्ही४ हा २०१६ चा प्रोसेसर आहे, बेस म्हणजे नेहमीचा वेग २.४ आणि टर्बो म्हणजे जास्तीत जास्त वेग ३.३ गिगाहर्ट्झ, तोही सगळे कोअर कामाला लागले की ३.३ ला टिकत नाही. १२४०० चा टर्बो ४.४ आहे, शिवाय त्याचा कोअर एका ठोक्यात जास्त काम उरकतो. ढोबळ मानाने झिऑनचा एक कोअर निम्म्या वेगाचा धरा. मग १३.७ ची २७.४ मिनिटं झाली, आणि ६ कोअरवाला २० मध्ये मोकळा.

याच धरण्यावर गणित केलं तर काम ९१ टक्क्यांच्या वर वाटता येत असेल तरच तो २८ कोअरवाला पुढे जातो. तेव्हा आधी तुमचं काम मोजा. टास्क मॅनेजर, डिटेल्स, प्रोग्रॅमवर राइट क्लिक, सेट अॅफिनिटी (प्रोग्रॅमने कोणते कोअर वापरायचे ते). तिथे फक्त सीपीयू ० ठेवून वेळ घ्या. मग तेच काम चार कोअरवर. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एक कोअर विंडोजला दोन दिसण्याची सोय, असेल तर ०, २, ४, ६ अशी टिक करा, नाहीतर एकाच कोअरचे दोन थ्रेड धरले जातील आणि आकडा चुकेल. प्रोग्रॅम बंद केला की अॅफिनिटी पुसली जाते, प्रत्येक वेळी परत लावायची.

चार कोअरची वेळ भागिले एका कोअरची वेळ. ते १ मधून वजा करा, ४ ने गुणा, ३ ने भागा. आलेला आकडा म्हणजे वाटता येणारा भाग.

खानापूर_सर्व्हर
वरचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात रॅम आलेली नाही, आणि सिम्युलेशन रॅमवरच अडतं. मेशच्या, म्हणजे मॉडेलचे जे बारीक तुकडे पाडतात त्यांच्या, लाखो सेलचं तापमान पायरीपायरीने वाचायचं आणि परत लिहायचं असतं, ते काही प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या मेमरीत, मावत नाही.

या झिऑनला प्रत्येकी चार मेमरी चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या वाटा, आहेत. डीडीआर४-२४०० चा एक चॅनेल सेकंदाला १९.२ जीबी देतो. तुमच्या पर्यायात दोनच स्टिक आहेत, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला एक. दोन्ही मिळून ३८.४ जीबी, आणि त्यावर २८ कोअर तोंड लावून बसणार! १२४०० ला दोन स्टिकवर ५१.२ मिळतात आणि खाणारे सहाच. झिऑनचा खरा जोर हवा असेल तर आठ स्टिक पाहिजेत, प्रत्येक सॉकेटला चार. तेव्हा १५३.६ होतात. ती रॅम रजिस्टर्ड ईसीसी, म्हणजे सर्व्हरसाठीची चुका सुधारणारी, असते, घरच्या पीसीतली साधी स्टिक तिच्यात मिसळून चालत नाही.

शिवाय प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगळी. पहिल्याच्या कोअरला दुसऱ्याकडचा डेटा लागला की तो दोन प्रोसेसरना जोडणाऱ्या क्यूपीआय लिंकवरून येतो आणि तिथे वेळ जातो. बायोसमध्ये नोड इंटरलिव्हिंग बंद ठेवा, म्हणजे विंडोजला दोन्ही नोड, म्हणजे प्रोसेसर आणि त्याची रॅम अशा जोड्या, वेगवेगळे दिसतात आणि ते शक्यतो जवळची रॅम देतं. टास्क मॅनेजरच्या सीपीयू ग्राफवर राइट क्लिक करून न्यूमा नोड निवडा. एक नोड भरलेला आणि दुसरा रिकामा दिसला तर तुमच्या सॉल्व्हरला, म्हणजे सिम्युलेशनचं गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, दुसऱ्या प्रोसेसरचा उपयोगच नाही असं समजा. सॉल्व्हरचं लायसन्स किती कोअरचं आहे तेही बघून घ्या की.

कॅम्प_पीसी_रिपेअर
थोडं हार्डवेअरचं. विंडोज होम एकच सॉकेट वापरतं, दोन हवे असतील तर प्रो लागतं. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे झिऑन नाहीत आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

झिऑन प्रत्येकी १२० वॉटचे, म्हणजे नुसते प्रोसेसरच २४०. त्यावर ग्राफिक्स कार्ड धरलं तर ६०० व्हीएचा यूपीएस लाइट गेली की लगेच बसतो आणि रात्रीचं सिम्युलेशन वाया. १२४०० टर्बोमध्येही जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो.

आणि फौंड्रीजवळ मशीन ठेवणार असाल तर मोल्डिंग सँडची बारीक काळी धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसते. त्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड असते, दमट हवेत ती घट्ट धरते. मग प्रोसेसर तापून आपणहून वेग कमी करतो आणि वरून मात्र युसेज १०० टक्के दिसत राहतो. दोन हीटसिंक म्हणजे साफ करायचं कामही दुप्पट.

पॅटर्नवाला_उद्यमबाग
मोजलं. मॉडेलचं रिबिल्ड, म्हणजे बदल केल्यावर ते परत तयार होणं, एका कोअरवर ५० सेकंद, चारवर ४६. टूलपाथ ४० मिनिटं आणि २२. सिम्युलेशन छोट्या मेशवर ८० आणि २३. सूत्राने ११ टक्के, ६० टक्के आणि ९५ टक्के आलं.

निपाणी_कॅड
झालं तर मग, उत्तर यातच आहे. झिऑनवर रिबिल्डला आय५ च्या जवळजवळ दुप्पट वेळ लागेल आणि टूलपाथला साधारण ७० टक्के जास्त. दिवसभर माऊस हातात धरून वाट बघायची ती याच दोन कामांत. सिम्युलेशनमध्ये झिऑन जिंकतो, पण आठही स्टिक भरल्या तरी वेळ वाचणार जेमतेम २० टक्के. रात्री लावून जाता, सकाळी आठला बघता, तर आठ तास लागले काय आणि दहा लागले काय, सिम्युलेशनचा निकाल तयारच असणार.

१२४०० घ्या. बोर्ड एलजीए १७०० सॉकेटचा येतो, प्रोसेसर कमी पडला तर पुढे त्यावरच आय७-१२७०० बसेल, बोर्डच्या सपोर्ट लिस्टमध्ये तेवढं तपासून घ्या. आणि ३२ जीबीची एक स्टिक घेऊ नका, १६ च्या दोन घ्या आणि बोर्डच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खाचांत लावा. एकाच स्टिकवर ५१.२ चे २५.६ होतात, आणि सिम्युलेशनला ते लगेच जाणवेल.