'डिकल सील करणे' याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (पिंपरी) :
नमस्कार मंडळी. मी पुठ्ठा आणि सनबोर्ड वापरून एसटीच्या गाड्यांची मॉडेलं करतो. विमानांचे, रणगाड्यांचे तयार डिकल बाजारात मिळतात, पण लाल परीचे मिळणार कुठून? त्यामुळे मार्गफलक, आगाराचं नाव, 'आपत्कालीन खिडकी' हे सगळं घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापावं लागतं. सोसायटीतली चारपाच मुलं हे शिकायला येतात. त्यांच्यासाठी मराठीत दोन पानी कृती लिहायला बसलो आणि एका वाक्यापाशी गाडी अडली :

'डिकल छापून झाल्यावर सील करा, मगच पाण्यात टाका.'

बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, 'सील? कोणी ठोकलं? घरपट्टी थकली का?'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिकलच्या कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर असतो आणि त्यावर एक पातळ पारदर्शक पापुद्रा. आपण छापतो ते या पापुद्र्यावर. कागद पाण्यात बुडवला की डिंक सुटतो आणि चित्रासकट पापुद्रा सरकवून मॉडेलवर बसवता येतो. अडचण अशी की इंकजेटची शाईही पाण्याचीच. तसंच बुडवलं तर 'स्वारगेट'चा लाल ओघळ होतो. म्हणून बुडवण्याआधी वरून क्लिअर लॅकर किंवा ॲक्रिलिक वार्निशचा फवारा मारतात. त्या मारण्याला काय म्हणू?

प्रतिसाद (नाशिक) :
दादा, शब्द तुमच्या घरातल्या भिंतींवरच आहे. हात! माझे वडील पेंटर होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. 'कोट' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. आधी अस्तराचा हात, मग रंगाचा पहिला हात, तो वाळला की दुसरा, आणि शेवटी अक्षरांवर वार्निशचा हात. 'एक हात कमी पडलाय' म्हणजे खालचं पत्र्याचं अंग दिसतंय. मुलांना लिहा : 'छापलेल्या कागदावर वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या.' लगेच कळेल.

प्रतिसाद (ठाणे) :
सरळ 'सील करा' लिहा की. मुलं व्हिडिओत तोच शब्द ऐकतात, डब्यावरही तोच असतो. उगाच कशाला शब्द पाडायचे?

प्रतिसाद (पुणे) :
ठाणेकर, शब्द पाडायचे नाहीत हे मान्य. पण आपल्याकडे 'सील' ज्या कामांना चिकटलाय ती बघा. दुकानाला सील, मतपेटीला सील, बाटलीचं सील, सीलबंद निविदा. या सगळ्यांत एकच अर्थ आहे : हे उघडायचं नाही, उघडलं तर कळेल. डिकलमध्ये यातलं काहीच नाही. बाबा चुकले नाहीत, त्यांनी मराठी अर्थच घेतला.

आता एक गंमत. पूर्वी सील व्हायचं लाखेनं. पाकीट बंद करून वर लाख ओतायची आणि मोहोर दाबायची, म्हणून तो 'लखोटा'. प्रश्नात 'लॅकर' हा शब्द आलाय, तोही लाखेचाच वंशज. संस्कृत लाक्षा, तिथून फारसी-अरबी, मग पोर्तुगीज 'लाक्रे' म्हणजे मोहोरेची लाख, तिथून फ्रेंच, मग इंग्रजी. म्हणजे आपण डब्यावर 'लॅकर' वाचतो तेव्हा आपलीच लाख परदेशवारी करून परत आलेली असते. मला क्षणभर 'लाखणे' असं क्रियापद सुचवावंसं वाटलं होतं. मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि गप्प बसलो.

प्रतिसाद (सावंतवाडी) :
लाखेचा विषय निघाला म्हणून बोलतो. आमच्याकडे गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, करणारे कारागीर हेच करतात की. कापडा-कागदाला चिंचोक्याची खळ देऊन पानं कडक करायची, त्यावर दशावतार रंगवायचे आणि वरून लाखेचा हात. हाताच्या घामानं रंग उतरू नये म्हणून. तेव्हा नाशिकच्या ताईंच्या 'हात' या शब्दाला माझंही मत.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो, शब्दाशी संबंध नसला तरी. पावसाळ्यात लॅकर मारू नका. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पारदर्शक थर पांढुरका पडतो. कोकणात तर जून ते सप्टेंबर मी फवाऱ्याचा डबा माळ्यावर टाकतो.

प्रतिसाद (टोरांटो) :
मूळ शब्दावरही बोलूया का? इथे कॅनडात बरेच जण 'डेकल' म्हणतात, सीमेपलीकडे अमेरिकेत 'डीकॅल'. आणि ब्रिटनचे जुने मॉडेलवाले अजूनही 'ट्रान्सफर' म्हणतात. शब्द फ्रेंच 'देकाल्कोमानी'चा तुकडा आहे. चित्राची नक्कल दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवण्याचं वेड, असा त्याचा मूळ अर्थ. त्यातलं 'काल्के' म्हणजे गिरवून नक्कल काढणं. भाषाशास्त्रात परक्या शब्दाचं घटक-घटक भाषांतर करून नवा शब्द घडवतात त्याला 'कॅल्क' म्हणतात, तोही याच घरातला. म्हणजे 'डिकल'ला शब्दशः मराठी शब्द केलात तर तो डिकलचा कॅल्क होईल!

'पाणछाप' कसा वाटतो?

प्रतिसाद (पुणे) :
ऐकायला गोड आहे, पण नोटेवरचं जलचिन्ह डोळ्यासमोर येतं. शिवाय छापणं पाण्यानं होत नाही, उतरवणं होतं. डिकल राहू दे. नामाची उसनवारी मला खुपत नाही. क्रियापद उसनं घेतलं की मात्र वाक्य लंगडतं.

प्रतिसाद (नाशिक) :
आमच्या गल्लीत गाडीवर काहीही चिकटवायचं असलं की 'रेडियम' म्हणतात. चमको न चमको, कापणारा रेडियमवालाच. दादा, तुमच्या मुलांनी डिकललाही रेडियम म्हटलं नाही ना अजून?

प्रश्नकर्ता (पिंपरी) :
म्हणतात ताई, अगदी तेच म्हणतात.

'हात' आवडला, पण त्यानं प्रश्न अर्धाच सुटतो. 'हात द्या' हे कृतीचं नाव झालं. ती कशासाठी, हे त्यातून कळत नाही. आणि मुलं नेमकी तिथेच चुकतात. एकानं परवा पहिलाच हात भरभरून मारला. लॅकरचं द्रावक ओलं राहिलं आणि पाणी लागायच्या आधीच अक्षरांच्या कडा पसरल्या. त्याला कळायला हवं होतं की हे चमक आणण्यासाठी नाही, शाई जागेवर धरून ठेवण्यासाठी आहे. 'शाई पक्की करा' असं लिहू का?

प्रतिसाद (पुणे) :
उत्तम. आणि त्याच्या उलट क्रियापदही तयार आहे : शाई फुटणे. स्वस्त वहीच्या कागदावर शाईपेन टेकवलं की शाई फुटायची, ते आठवतंय ना? 'शाई फुटू नये म्हणून पक्की करायची.' यात इंग्रजी शब्द शून्य.

प्रतिसाद (सावंतवाडी) :
थोडं थांबा. 'पक्का रंग' म्हणजे धाग्याला धरलेला रंग. रंगारी तुरटी वापरून तो धरवतो, मग कापड कुठेही फाडा, रंग जात नाही. इथे शाई जशी होती तशीच आहे, कच्ची. तिच्यावर फक्त छप्पर घातलंय. पुरावा हवा असेल तर हात दिलेलं डिकल अक्षरातून कापा आणि बुडवा. कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं आणि शाई सुटते. 'पक्की' म्हटलंत तर मुलं बिनधास्त अक्षरालगत कात्री चालवतील.

प्रश्नकर्ता (पिंपरी) :
काका, हे मान्यच करावं लागेल, कारण माझ्या पहिल्या मॉडेलचं नेमकं हेच झालं होतं. 'आगार' शब्दाचा शेवटचा 'र' पाण्यात गेला. तेव्हापासून अक्षराभोवती मिलिमीटर-दोन मिलिमीटर कोरी जागा ठेवतो, आणि ठेवता आली नाही तर कापलेल्या कडेवर ब्रशनं वार्निश फिरवतो.

लिहिता लिहिता आणखी एक लक्षात आलं. इंग्रजीत 'सील' एकदा नाही, दोनदा येतो. पहिला बुडवण्याआधी, शाईसाठी. दुसरा डिकल मॉडेलवर बसून वाळल्यावर, सगळ्या गाडीवर. तो दुसरा हात पाण्यासाठी नसतो. बोटांनी डिकल निघू नये आणि चिकटवलेला तुकडा आजूबाजूच्या रंगात मिसळून जावा, चमक एकसारखी दिसावी, म्हणून असतो. दोन कामं, शब्द एक. मुलं विचारतात, 'आधी सील केलं होतं ना, मग परत कशाला?'

प्रतिसाद (नाशिक) :
मग दोन्हींना वेगळी नावं द्या. पाटीवर शेवटचा हात असतोच, त्याला आम्ही शेवटचाच हात म्हणतो. पहिल्याला 'झाकणीचा हात' म्हणा. काकांचा आक्षेपही मिटला : झाकलंय, पक्कं केलेलं नाही.

प्रतिसाद (ठाणे) :
'झाकणीचा हात' चांगला आहे, माघार घेतो. पण मग लाल गाडीवर पिवळी अक्षरं कशी आणता? मी पारदर्शक कागदावर पिवळं छापलं आणि बसवल्यावर गायब!

प्रश्नकर्ता (पिंपरी) :
गायबच होणार. इंकजेटची शाई आरपार असते आणि घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही. पांढऱ्याच्या जागी कागदाचा पांढरा दिसतो, इथे कागदच नाही. लालावर पिवळं गेलं की लालच उरतं. दोन वाटा आहेत. एक, पांढऱ्या पापुद्र्याचा डिकल कागद घ्यायचा आणि अक्षरांभोवतीचा लालही छापायचा. यात गाडीचा लाल आणि छापलेला लाल जुळवताना घाम फुटतो. दुसरी, डिकल बसेल तेवढ्या पट्टीला आधी पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. मार्गफलक तसाही पांढरा असतो, तिथे काही त्रास नाही.

तर सगळ्यांच्या कृपेनं वाक्य असं झालंय, बघा :

'छापलेला कागद रात्रभर वाळू द्या. मग हातभर अंतरावरून झाकणीचा हात द्या : पहिला धुक्यासारखा हलका, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. फार जाड नको, नाहीतर पापुद्रा ताठ होतो आणि मॉडेलच्या घड्यांवर बसत नाही. अक्षराला कात्री लावू नका, कडेनं शाई फुटते. डिकल गाडीवर बसून पूर्ण वाळलं की शेवटचा हात.'

नमुना म्हणून खाली फलक छापणार आहे : 'स्वारगेट – पंढरपुर'.

प्रतिसाद (पुणे) :
पंढरपूर. पू दीर्घ. झाकणीचा हात द्यायच्या आधी बदला.