ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलं आणि अनोळखी पदार्थाची धास्ती : तुमचे अनुभव लिहा

"भूक लागली की खाईल आपोआप!" ऑटिस्टिक मुलाच्या आईबापांनी हे किती जणांकडून ऐकलं असेल! यांतली काही मुलं खरोखरच उपाशी राहतात, पण अनोळखी घास तोंडात घेत नाहीत. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ सालच्या ऑटिझमवरच्या लेखात ज्या ११ मुलांविषयी लिहिलं, त्यांच्यातल्या कित्येकांच्या खाण्याच्या अडचणी त्या लेखातच नोंदल्या आहेत. तेव्हा याला आजकालचे लाड म्हणणं मुलांवर अन्यायाचं आहे.

तुमच्या घरी ही भीती कशी दिसते? कशाने कमी झाली, कशाने वाढली? पालक, आजी-आजोबा, शिक्षक सगळ्यांनी लिहा. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या मोठ्या माणसांनी तर जरूर लिहा.

आई, मुलगा सात वर्षांचा
त्याला चालणारे पदार्थ बोटांवर मोजता येतील, सगळे फिके आणि कुरकुरीत. पुड्याचं चित्र बदललं तर आतलं बिस्किट तेच असूनही नको. आमच्या थेरपिस्टने सुरुवातीला खाण्याचा विषयच बंद केला. नवा पदार्थ टेबलावर, पण वेगळ्या बशीत, त्याच्या ताटापासून लांब. पुढे तो चमच्याने आम्हाला वाढू लागला. मग वास घेणं, ओठाला लावणं. शेजारी एक रिकामी वाटी असायची, जिभेवरचं नको वाटलं तर त्यात काढून टाकायला. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्या वाटीचा झाला. बाहेर काढता येतं याची खात्री पटल्यावरच तो आत घ्यायला धजावला. बऱ्याच महिन्यांनी सफरचंद जमलं, तेही साल काढून, पातळ काप करून.

बाबा, मुलगी नऊ वर्षांची
आम्ही आवडत्या पदार्थापासून निघतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. बटाट्याचे तळलेले काप आवडतात, तर आधी थोडे जाड काप, नंतर त्याच आकाराचं रताळं. रंग, आकार, चव एकदम बदलली की गाडी अडते.

कळकळीने सांगतो, आवडत्या पदार्थात लपवून काही घालू नका. मुलांना कळतं, आणि मग तो भरवशाचा पदार्थही हातचा जातो. आमच्या पालकगटातल्या एका मुलाचं दूध असंच सुटलं.

मी स्वतः ऑटिस्टिक, आता नोकरी करते
द्राक्षांच्या एकाच घोसात एक गोड निघतं, एक आंबट, एक लिबलिबीत. बिस्किट मात्र दर वेळी तसंच असतं. लहानपणी मला दिवसभर आवाज, उजेड, माणसं यांचा अंदाज बांधत राहावं लागे, निदान तोंडातल्या घासाने तरी दगा देऊ नये असं वाटायचं. मऊ पदार्थात अचानक कडक तुकडा लागला की घसा आवळायचा आणि उलटी व्हायची. ती मी ठरवून काढत नव्हते, हे कुणाला पटवता येत नसे.

भूक मला पोटात कळतच नसे. आधी चिडचिड व्हायची, डोकं दुखायचं, आणि ते भुकेमुळे होतंय हे फार उशिरा उमगलं. म्हणून "भूक लागली की खाईल" हा हिशेब माझ्यासारख्यांना लागू पडत नाही.

अजून एक. घास गिळल्यावर टाळ्या वाजवू नका. कौतुक मनापासून असतं, मान्य आहे, पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर खिळायच्या आणि पुढच्या वेळी तोच घास दुप्पट अवघड व्हायचा. शेजारी बसून आपलं आपलं जेवणारं माणूस मला सगळ्यात जास्त आवडायचं.

आहारतज्ज्ञ
घरचे प्रयत्न चालू ठेवा, पण वजन घटतंय, वाढ थांबलीय, पूर्वी खात असलेले पदार्थही एकेक करून सुटताहेत, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. फळं-भाज्या पूर्ण बंद असलेल्या मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी आहेत. पाय दुखणं, हिरड्यांतून रक्त येणं अंगावर काढू नका. बद्धकोष्ठता, पित्त वर येणं, दातदुखी हेही तपासून घ्या, कारण बोलता न येणारं मूल दुखणं सांगू शकत नाही, फक्त ताट ढकलतं. इतकं टोकाचं खाणं टाळण्याला २०१३ पासून मानसिक विकारांच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत स्वतंत्र निदान आहे.

शिक्षिका
माझ्या वर्गातल्या ऑटिस्टिक मुलाच्या डब्यात रोज एकच पदार्थ असला तरी मी कधी टोकत नाही. त्याला खिडकीपाशी बसवते, म्हणजे इतरांच्या डब्यांचा वास कमी येतो.

आई, मुलगा पाच वर्षांचा
वाटीची कल्पना आजच करून बघते. आमची अडचण औषधाची आहे. तापातही तो ते चमच्याने घेत नाही आणि आवडत्या रसात मिसळायला आता भीती वाटते. डॉक्टरांकडून चव किंवा प्रकार बदलून घेऊन कुणाला जमलं असेल तर सविस्तर लिहाल का?