मूळ गुणपत्रिका अडवली तर लेखी तक्रार करावी की गोडीने घ्यावं?

शिंदखेडेकर
भाचीने आमच्या भागातल्या एका कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेतला होता. महिन्याभरात तिचा नाशिकला नर्सिंगला नंबर लागला. टीसी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका परत मागितली तर खिडकीवर उत्तर मिळालं, "वर्षाची पूर्ण फी भरा, मग न्या." कपाशीची निंदणी सोडून दाजींनी तीन हेलपाटे घातले. तिसऱ्यांदा हात जोडून म्हणाले, "मनी आंडेरना दाखला द्या, साहेब." म्हणजे, माझ्या मुलीचा दाखला द्या. मी शेजारीच उभा होतो. ते जोडलेले हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. आता विनवण्या बंद, लेखी तक्रार द्यायची. जो कोर्स करायचाच नाही त्याच्या फीसाठी कागदपत्रं अडवून ठेवणं, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमावलीत तक्रारीचं कारण म्हणून सरळ लिहिलेलं आहे. कॉलेजच्या तक्रार निवारण समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील. घरातले मात्र म्हणतात, वैर नको, धाकटा भाऊ तिथेच अकरावीला आहे.

जुना प्राध्यापक
तीस वर्षं शिकवलं, म्हणून बोलतो. तुमच्या भाचीने जागा अडवली, ती आता वर्षभर रिकामी राहणार. यादीत तिच्या खाली असलेला साक्रीकडचा एखादा पोरगा घरी बसला असेल, त्याचा हक्क कुठे गेला? हक्कांची कलमं सगळ्यांना पाठ असतात. प्रवेश रद्द करायचा अर्ज वेळेत द्यावा, ही जबाबदारी कुणाला आठवत नाही. आधी प्राचार्यांना भेटा. खोटी किंवा उथळ तक्रार असेल तर विद्यार्थ्यावर कारवाईची शिफारस करता येते, हेही त्याच नियमावलीत आहे.

तापीकाठची
सर, रिकाम्या जागेचा राग कागदांवर का काढायचा? गुणपत्रिका तिची आहे.

पण समितीवर माझाही भरवसा नाही. अध्यक्ष धरून पाचही जण त्याच कॉलेजचे प्राध्यापक, विद्यार्थी प्रतिनिधी नुसता विशेष निमंत्रित. मी अंतर्गत गुणांबद्दल अर्ज दिला होता. बाईंनी घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला. महिन्याने विचारलं तर "असा अर्ज आलाच नाही." माझ्याकडे पोच नव्हती. वर्गात मात्र ती बातमी दुसऱ्याच दिवशी पोचली होती. त्यामुळे घरच्यांची भीती खोटी नाही, भाऊ.

खिडकीपलीकडचा
मी दुसऱ्या एका कॉलेजात कारकून आहे. "फी भरल्याशिवाय देऊ नका" हे आम्हाला वरून तोंडीच सांगितलेलं असतं. कुणी लिहून देत नाही. समोरचा तोंडी मागतो, आम्ही तोंडी नाही म्हणतो, तिथेच विषय संपतो. अर्ज आवक नोंदवहीत चढला की त्यावर टिपणी ठेवावी लागते, आणि "कागदपत्रं अडवली" अशा टिपणीखाली सही करायला साहेब तयार होत नाहीत. बहुतेक प्रकरणं तिथेच सुटतात.

म्हणून अर्ज दोन प्रतींत करा. कोणत्या दिवशी आलो, काय उत्तर मिळालं, तारखांसह लिहा. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. भरलेल्या फीचा परतावा वेगळ्या अर्जात मागा, दोन्ही एकत्र केलं की कागदपत्रांचं कामही लांबतं. आणि एक लक्षात ठेवा: शिकून झालेल्या वर्षाची थकबाकी हा निराळा मामला आहे, त्याला हे कलम लावू नका.

जुना प्राध्यापक
आवक क्रमांकाचं पटलं. मूळ कागद अडवू नयेत, हेही मान्य. पण प्रवेश रद्द केल्याचं पत्र त्यांनी दिलं होतं का? ते नसेल तर कॉलेजच्या लेखी ती अजून विद्यार्थिनीच आहे.

शिंदखेडेकर
नव्हतं दिलं, सर. तोंडीच सांगितलं होतं, ती चूक आमची. काल रात्री दोन्ही अर्ज भाचीने स्वतःच्या हाताने लिहिले, प्रवेश रद्द करण्याचा वेगळा आणि कागदपत्रांचा वेगळा. बहिणीने धाकट्याला विचारलं, तुला त्रास झाला तर? तो म्हणाला, ताईचं वर्ष जाऊ देऊ नका. सोमवारी अकराला खिडकीवर जातोय. दाजींना या वेळी शेतातच थांबायला सांगितलंय.