व्हिसलरचा बॅटर्सी पूल: चंद्र नसताना उजेड कुठून येतो?

प्रश्न
अमेरिकी चित्रकार व्हिसलरने १८७२ ते १८७५च्या सुमारास रंगवलेले ‘नॉक्टर्न: ब्लू अँड गोल्ड – ओल्ड बॅटर्सी ब्रिज’ हे लंडनमधल्या रात्रीचे तैलचित्र मी गेले काही दिवस निरखतो आहे. चित्रात चंद्र नाही, पैलतीरावरचे दिवेही टिकल्यांएवढेच आहेत, तरी थेम्सचे पाणी आतून उजळल्यासारखे का वाटते? आणि तो पूल खरोखर एवढा उंच होता का?

प्रतिसाद १
पूल उंच नव्हता. अठराव्या शतकातला तो लाकडी पूल बुटका होता आणि त्याचे गाळे इतके अरुंद होते, की होड्या खांबांवर आदळत. व्हिसलरने त्यातला एकच खांब उचलून ताणला आणि बाकीचा पूल चौकटीबाहेर सोडून दिला. हे धाडस त्याने जपानी चित्रकार हिरोशिगेच्या काष्ठमुद्रांवरून (लाकडी ठशांच्या छापचित्रांवरून) घेतले, हे उघड आहे.

प्रतिसाद २
उजेडाबद्दल सांगायचे, तर डोळे किलकिले करून पाहावे. आकाश आणि पाणी जवळजवळ एकाच छटेचे होऊन जातात आणि त्यांच्यावर फक्त पुलाचा काळसर आकार उरतो. पाणी उजळ दिसते ते या काळोखाच्या शेजारामुळे. आपण जलरंगवाले उजेडासाठी कागद कोरा राखतो, तशी पांढरी जागा येथे कोठेच नाही. तैलरंग व्हिसलर इतका पातळ करी, की त्याला स्वतःच ‘सॉस’ म्हणे.

स्मरणाचा भागही महत्त्वाचा आहे. रात्री नदीकाठचे दृश्य न्याहाळून तो त्याकडे पाठ फिरवी, पाढे म्हणावेत तसे ते सोबत्याला म्हणून दाखवी आणि मग स्टुडिओत रंगवी.

प्रतिसाद ३
चित्रातली उदासी मात्र निम्मी आपली आहे, असे मला वाटते. सोनेरी ठिणग्या लंडनच्या क्रेमॉर्न या करमणुकीच्या बागेतल्या आतषबाजीच्या आहेत, ती बाग १८७७ साली बंद झाली. पूल १८८५ साली पाडला. चित्र काढताना दोन्ही जागच्या जागी होते. कलासमीक्षक रस्किनवरील १८७८च्या बदनामीच्या खटल्यात हे चित्र न्यायालयात आणले गेले, तेव्हा पुलावरच्या आकृती माणसांच्या आहेत का, या प्रश्नावर व्हिसलरने, तुम्हाला जे वाटेल ते समजा, अशा अर्थाचे उत्तर दिले होते.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. काल रात्री पुण्याच्या लकडी पुलाशी (ज्यात आता लाकूड नाही) उभा राहून दृश्य पाठ केले. पाण्यात अकरा दिवे मोजले होते. सकाळी कागदावर सातच उतरले.