पिरेस ऑन्रीच्या सावलीत वाढला? मग हे वाचा

डावी विंग:
कालच्या चर्चेत एकाने ठोकून दिलंय, ‘आर्सेनलचा फ्रेंच विंगर रॉबेर पिरेस त्याच क्लबातल्या स्ट्रायकर ऑन्रीच्या जिवावर मोठा झाला, गोव्यात खेळायला आल्यावर खरी लायकी कळली.’ वाचून डोकं फिरलं. २००० च्या युरो फायनलला डावीकडून घुसून फ्रान्सच्या त्रेझेगेला गोल्डन गोलचा, म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणाऱ्या गोलचा पास कोणी दिला? २००१-०२ ला इंग्लंडच्या लीगमध्ये १५ असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास. मार्चमध्ये गुडघा गेला, हंगाम तिथेच संपला, तरी इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी वर्षाचा खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. आर्सेनलसाठी ८४ गोल, तेही मिडफिल्डरचे! त्याच दुखापतीने २००२ चा वर्ल्ड कप हुकला आणि फ्रान्स एकही गोल न करता घरी परतला.

हायबरीविरोधक:
एकट्या पिरेसमुळे? फ्रान्सचा मुख्य खेळाडू झिदानही जायबंदी होता, ते सोयीने गाळलंत. आणि आर्सेनल लीगमध्ये एकही सामना न हरलेल्या २००३-०४ च्या ‘अजिंक्य’ हंगामात पोर्ट्समथविरुद्ध तो पडला, पेनल्टी मिळाली, ऑन्रीने मारली, सामना १-१ सुटला. ती पेनल्टी चोरीची होती.

डावी विंग:
पडला. समर्थन करत नाही. पण ३८ सामने एका पेनल्टीवर निभत नाहीत. कट्टर प्रतिस्पर्धी स्पर्सच्या मैदानावर जेतेपद पक्कं झालं, त्या दिवशी कॅप्टन व्हिएरासोबत गोल कोणाचा होता तेही लिहा की.

फातोर्डा पूर्व स्टँड:
पिरेस थोर असेल, माझा राग वेगळाच आहे. २००७-०८ ते २०१२-१३, आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगची, सलग सहा जेतेपदं गोव्यात आली. धेंपो, चर्चिल, साळगावकर, सगळे आमचे क्लब. आणि २०१४ ला नव्या इंडियन सुपर लीगने आम्हाला काय दिलं? एफसी गोवा नावाचा संघ आणि त्यात एक्केचाळिशीचा मार्की, म्हणजे नावाजलेला स्टार, पिरेस! २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीग सोडली. माझे वडील धेंपोची एक मॅच चुकवत नसत. आता टीव्हीही लावत नाहीत.

झिकोप्रेमी:
रडगाणं पुरे. त्याच संघातून रोमियो फर्नांडिस ब्राझीलच्या क्लबात गेला, मंदार राव देसाई पुढे भारताकडून खेळला. माझ्या धाकट्या भावाने त्याच वर्षी पहिल्यांदा बूट मागितले.

फातोर्डा पूर्व स्टँड:
मंदार धेंपोतूनच आला होता, आधी माहिती घ्या! बूट घेऊन तुमचा भाऊ उद्या खेळणार कुठल्या क्लबात?

हायबरीविरोधक:
शिवाय कोलकात्याविरुद्ध हाफटाइमला त्यांच्या कोचशी वाद घालून पिरेस निलंबित झाला. हा आदर्श?

झिकोप्रेमी:
भांडण दोन्हीकडून झालं. कोलकात्याच्या कोचवरही बंदी आली.

लिगामेंटवाला:
गोवा राहू द्या बाजूला. माझं गुडघ्याचं लिगामेंट कॉलेजात तुटलं. ऑपरेशन झालं, पण चेंडूवर वळताना पाय आजही कचरतो. पिरेसच्या गुडघ्याचंही तेच झालं होतं. तो परत आला आणि २००३-०४ ला लीगमध्ये १४ गोल केले. पाय ऑन्रीने उसने दिले नव्हते.

हायबरीविरोधक:
बरं, दुखापतीनंतरचे १४ गोल मान्य. सावलीचा मुद्दा सोडतो. पोर्ट्समथची पेनल्टी मात्र सोडणार नाही.

फातोर्डा पूर्व स्टँड:
आणि माझ्या प्रश्नाला अजून कोणीच उत्तर दिलेलं नाही.