विशेष मुलांच्या ध्यानाला मोबाईल कशाला?

चादरवाला बाप : पोरगा तेरा वर्षांचा, ऑटिझम आहे. शाळेत टॅबवर ध्यान सुरू झालंय. निळा फुगा फुगला की श्वास घ्यायचा, बसला की सोडायचा. आमचा गडी फुगाच बघत बसतो, श्वासाचा पत्ता नाही. टॅब काढून घेतला की आकांडतांडव. मोबाईलचं वेड सोडवता सोडवता दोन वर्षं गेली, आता शांत करायला पुन्हा तेच? मानसशास्त्रज्ञ निर्भय सिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तळपायांची पद्धत मांडली : राग चढला की लक्ष तळपायांवर न्यायचं. बोटं, टाच, खालची फरशी. चार्जर लागत नाही.

विशेष शिक्षिका, जुळे सोलापूर : दादा, फुग्याचं पटलं. पण 'लक्ष ने' म्हणजे काय, हे आधी कळायला नको? वर्गातली एक मुलगी वर्षभर नुसती वाकून पायाकडे बघायची. शेवटी फोन व्हायब्रेटवर टाकून उशीच्या अभ्र्यात घातला, वर तिचे पाय ठेवले. गुरगुर सुरू झाली आणि पोरगी खुदकन हसली! आता फोन नसला तरी पाय टेकून थांबते. रोज नाही, पण थांबते. यात पडदा कुठाय? आणि ॲपमधली बाई 'दीर्घ श्वास घ्या' म्हणते, ते घरी तेलुगू बोलणाऱ्या पोराला काय कळणार? त्याच्या आईचाच आवाज रेकॉर्ड केलाय. मी दमते, चिडते. रेकॉर्डिंग चिडत नाही.

चादरवाला बाप : सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यांचे भोंगे सुरू झाले, पोरानं कान दाबले. फोन काढला, तर त्या गोंगाटात फोनचा आवाज मलाच ऐकू येईना. बायकोनं त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांवर घेतले आणि तशीच उभी राहिली. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग सावरला.

अशोक चौक : आमच्या घरात खाली चार लूम. खटखट चालू असली की धाकटा भाऊ निवांत, लाइट गेली की चुळबुळ. तो आवाजच मोबाईलमध्ये भरून ठेवलाय. यंत्र नको म्हणता, लूम पण यंत्रच हाय की ओ.

विशेष शिक्षिका, जुळे सोलापूर : पायांवर पाय, हे उद्याच करून बघते. फोन मात्र सोडणार नाही. दादा, टॅब घ्यायच्या आधी वेळ संपत आल्याचं त्याला दिसतं का? एकदम हिसकावला की कुणीही ओरडेल. समोर टायमर ठेवून बघा.

चादरवाला बाप : वाळूचं घड्याळ आणतो. ॲपमधलं नको.